पट्टीवाला पिक्चर

माझी याडी पिक्चरमधी हाय.

याडी म्हणजे आई. आमी बंजारा, घरात गोरमाटी बोलतो, आमच्या तांड्यावर समदेच बोलतात, पण इथं मराठीत लिहितो म्हणजे समद्यायला समजल. तिचं नाव रूपाबाई हिरासिंग राठोड. पिक्चर हिंदी हाय. फार चालला न्हाई, नाव सांगितलं तरी तुमाला आठवणार न्हाई. पण त्यात माळावरचं एक गाणं हाय आन त्या गाण्यात हिरोइन आमच्या तांड्याच्या बायायसोबत नाचते. तिथं माझी याडी हाय.

हे मी आज छाती फुगवून सांगतो. पण एक उन्हाळा असा गेला का आमच्या घरात त्या पिक्चरचं नाव काढायची सोय नव्हती.

शूटिंग झालं औंढ्याच्या रस्त्याला, आमच्या तांड्याच्या वरच्या माळावर. दसरा होऊन गेला होता, लोक अजून ऊसतोडीला निघायचे होते. मुंबईचे लोक गाड्या भरून आले आन मोहनसिंग नायकाला भेटले. नायक म्हणजे आमच्या तांड्याचा मोठा माणूस, लग्नापासून भांडणापर्यंत समदं त्याच्याच ओट्यावर ठरतं. ते म्हणले, तुमच्या बाया पायजेत, तुमच्याच कपड्यात, तुमचाच नाच. नायक म्हणला, "मंग रूपाबाईला विचारा. ती हो म्हणली तर समद्या येतील."

कारण गाणं उचलायची माझी याडी. लग्न असो, तीज असो, होळी असो, पहिली ओळ याडीची, मंग बाकीच्या बाया. आन आमच्या तांड्यात गाणं उचलणारी बाई रांगेच्या टोकाला उभी राहते. मधी न्हाई. टोकाला राहिली का आख्ख्या रांगेनं एकाच बाजूला बघायचं. तिचा पाय बघायचा, तिचा हात बघायचा, आन सरकायचं. मधी राहिली तर अर्ध्या बायायनी इकडं मान वळवायची, अर्ध्यायनी तिकडं, आन समदा घोळ. हे कुणी कुणाला शिकवत न्हाई. ल्हानपणापासून बघून बघून माहीत असतं.

मी त्या दिवशी तिथं नव्हतो. मी तवा आखाडा बाळापूरला भागवतभाऊच्या सीडीच्या दुकानात कामाला होतो. पण शूटिंगची गोष्ट बायायनी इतक्यांदा सांगितली का मला आता वाटतं मीच बघितली.

टोपी घातलेला एक पोरगा होता म्हणं, डायरेक्टरच्या हाताखालचा. त्यानं याडीची कांचळी, म्हणजे चोळी, बघितली. तिच्या कांचळीवर सगळ्यात जास्त आरसे, तिनं स्वतः बसवलेले. तो म्हणला, "अम्मा, आप बीच में आओ. हिरोइन के बाजू में."

याडी म्हणली, "मधी मी काय करू? मी टोकाला."

"बीच में अच्छा दिखेगा, अम्मा."

"मला दिसायचं न्हाई रे बाबा. मला ह्या समद्यायला दाखवायचं हाय."

त्याला काही समजलं न्हाई. भागूबाई काकीला समजलं. भागूबाई म्हणजे बाच्या चुलतभावाची बायको, आमच्या शेजारीच घर. ती म्हणली, "मी येते की साहेब बीच में," आन पदर सावरून जाऊन उभीच राहिली हिरोइनच्या बाजूला.

मंग लई दिवस गेले. पुढच्या वर्षी पिक्चर हिंगोलीच्या टॉकीजला लागला, तवा आमचा आख्खा तांडा ऊसतोडीला. त्या वर्षी मी पण गेलो होतो, बाच्या पाठीत तकलीफ होती म्हणून कोयता मीच धरला. आमी परत आलो तवर पिक्चर टॉकीजमधून उतरून सीडीत आला होता.

मी पुन्हा दुकानात लागलो. पहिल्याच आठवड्यात ती सीडी घेऊन तांड्यावर गेलो. नायकाकडं रंगीत टीव्ही होता. सकाळची लाइट होती. खोलीत बाया, दारात माणसं, खिडकीत लेकरं. याडी सगळ्यात पुढं. तिनं त्या दिवशी केसाला तेल लावलं होतं, हे मला आजही दिसून राहिलं.

गाणं आलं. हिरोइन आली. हिरोइनच्या बाजूला भागूबाई काकी, ही एवढी मोठी, आख्ख्या टीव्हीभर. लोक ओरडायला लागले. "भागूऽऽ! बाप रे, दात बघ तिचे!" काकी पदरात तोंड लपवून हसायली आन बोटांच्या फटीतून बघायली. मंग शंकरसिंगची बायको दिसली, तिची नणंद दिसली.

कुणीतरी म्हणलं, "रूपाबाई कुठाय?"

"येईल पुढं."

गाणं संपलं. हिरोइन मोटारीत बसली आन दुसऱ्याच गावाला गेली.

मी सीडी मागं घेतली, पुन्हा लावलं. न्हाई. याडी न्हाई. हात न्हाई, पाय न्हाई, फेटियाची, म्हणजे घागऱ्याची, झालर पण न्हाई.

भागूबाई काकी म्हणली, "मुंबईला नेऊन पुन्हा बघतात म्हणं समदं. जे बराबर न्हाई ते कापून टाकतात."

खिडकीतून एक जण म्हणला, "अजून उभी राहा टोकाला!"

लोक हसले. वाईट मनानं न्हाई हसले, खरं सांगतो, आमच्याकडं असंच बोलतात. पण याडी उठली. म्हणली, "मला भाकरी टाकायच्या हायेत." सकाळचे दहा वाजले होते, भाकरी केव्हाच झाल्या होत्या.

त्या दिवसापासून तिनं गाणं सोडलं.

भांडली न्हाई, रडली न्हाई. नुसतं सोडलं. कुणाच्या घरी पोरगं झालं, बाया बोलवायला आल्या, तर म्हणली गळा बसला. मी म्हणलो, "याडी, काहून असं करते? त्यायनी कापलं तर कापलं."

ती म्हणली, "खालीपिली कोण कापल, योगेश? एवढ्या मोठ्या मशिनीनं बघितलं त्यायनी. माझाच पाय चुकला असल. मलाच कळलं न्हाई. आता इतक्या वर्षांत किती जागी चुकला असल, आन ह्या बाया बिचाऱ्या माझ्याकडं बघून..."

मला तवा समजलं. लोक हसले त्याचं तिला एवढं न्हाई. तिला स्वतःवरच शक आला होता.

बा तिच्यासमोर काही बोलायचा न्हाई. गोठ्यात मला म्हणला, "तुझी याडी गात न्हाई तर म्हैस पण पान्हा चोरायली." मी हसलो. तो हसला न्हाई.

आन वैशाखात नायकाच्या पोरीचं, निलमचं लग्न होतं. आमच्याकडं लग्नाच्या आधी नवरीकडची बाई गाणं उचलणारीच्या घरी गूळ घेऊन जाते. गूळ ठेवला म्हणजे ठरलं, त्या लग्नात गाणं तिचं. नायकाच्या तीन पोरींची लग्नं याडीनंच उचललेली. पण ह्या वेळी नायकाची बायको आमच्या दारावरून दोनदा पाण्याला गेली आन थांबली न्हाई. बाया म्हणायल्या, भागूबाईला सांगू. ती पिक्चरवाली हाय.

याडी स्वतःच म्हणली, "सांगा भागूला. तिचा पाय चांगला हाय. मुंबईच्या लोकायनी ठेवला."

निलम आमच्या घरी आली. म्हणली, "काकी, भागूकाकी गाईल तर मला रडू पण येणार न्हाई. मला हसूच येईल. नवरी हसली तर काय म्हणतील ते लोक?"

याडी म्हणली, "हस मंग. चांगलंच हाय." आन चूल फुंकायला बसली. चूल पेटलेलीच होती.

मी दुकानात आलो का ती सीडी लावायचो. गिऱ्हाईक नसलं का गाणंच. भागवतभाऊ म्हणायचे, "घासशील ती सीडी, योग्या. तुझी आई काय त्यातून उगवणार हाय का?" माणूस चांगला, बाळापूरजवळच्या गावचा शेतकरी, शेती भावाला देऊन दुकान टाकलेला. बोलायचं तोंड तेवढं तिखट.

मी टीव्हीला नाक लावून बघायचो. आन एक दिवस मला एक गोष्ट दिसली.

बाया समद्या डावीकडं बघतात.

हिरोइनसुद्धा. नाचता नाचता तिची नजर सारखी डावीकडं जाते, टीव्हीच्या चौकटीच्या बाहेर. तांड्यावर लोक म्हणले होते हिरो तिकडं उभा असल. पण हिरो तर उजवीकडून येतो, गाण्याच्या शेवटाला! मंग ही कुणाकडं बघून राहिली?

त्या दिवशी घरी गेल्या गेल्या याडीला विचारलं, "शूटिंगच्या दिवशी हिरोइन कुणाकडं बघायली होती?"

"माझ्याकडं. अजून कुणाकडं? तिला पाय येत नव्हता बिचारीला. सारखी चुकायली. मी म्हणलं, पोरी, खाली बघू नको, माझ्याकडं बघ. मंग जमलं तिला."

"मंग तू कुठं होती?"

"टोकाला. कितीदा सांगू?"

मी विचार केला. याडीला कापायचंच होतं तर तिच्याकडं बघणाऱ्या बाया काहून ठेवल्या? नको असलेल्या माणसाला कापतात, मंग त्याच्याकडं बघणारी हिरोइन तशीच सोडतात का? काहीतरी गडबड हाय. याडी गेली, पण ती जिथं उभी होती ती जागा पण गेली. तिथला माळ पण गेला. बाभळीचं झाड होतं म्हणं तिच्या मागं, ते पण न्हाई. मुंबईवाल्यायचं बाभळीसोबत काय वाकडं?

पण कापलं कुणी, कसं, काही समजंना. आन मला विचारायला कुणी नव्हतं. मी बारावीत बसलो आन उठलो, पुढं काही शिकलो न्हाई. जे शिकलो ते बटणं दाबून.

समजलं ते ग्यानबामुळं. ग्यानबा म्हणजे आमचं ठरलेलं गिऱ्हाईक, बाजाराच्या दिवशी येऊन पिक्चर न्यायचा. त्या टायमाला डीव्हीडी नवीन आल्या होत्या. भागवतभाऊनं नांदेडहून थोड्या आणल्या होत्या, भाड्यानं द्यायला एक प्लेअर पण आणला होता. ग्यानबानं एक मारामारीचा पिक्चर डीव्हीडीवर नेला आन दुसऱ्याच दिवशी परत आणून आपटला.

"भागवत, हे काय? वरून काळं, खालून काळं. मधल्या फटीतून बघायचं का पिक्चर? भाडं पूर्ण घेतो आन पिक्चर अर्धा देतो!"

भागवतभाऊ म्हणले, "कंपनीतूनच तसं येतं, दाजी."

"कंपनीला म्हणावं डोळ्याला पट्टी आमी घरी बांधू. मला फुल दे. आधीचं असायचं तसं, टीव्हीभर."

भाऊनं त्याला त्याच पिक्चरची साधी सीडी दिली. ग्यानबा खूश होऊन गेला. भाऊ मला म्हणले, "हे पट्टीवाले डबे कोपऱ्यात ठेव. कुणी घेईना."

ठेवता ठेवता माझ्या डोक्यात आलं. त्या मारामारीच्या पिक्चरची अजून एक सीडी होती दुकानात. दुकानात टीव्ही दोन, एक भाड्याचा, एक आमचा. मी एकावर सीडी लावली, दुसऱ्यावर पट्टीवाली डीव्हीडी. एकच सीन आणला. दोन्ही थांबवले.

सीडीवर एक पोलिस एकटाच भिंतीशी बोलून राहिला होता.

डीव्हीडीवर तिथं नुसती भिंत नव्हती. बाजूला अजून एक माणूस खुर्चीत बसला होता, चहा पिऊन राहिला होता. पोलिस त्याच्याशी बोलत होता.

मी ओरडलो, "भाऊ! इकडं या! हे बघा, हे फुल म्हणतात ते फुल न्हाईच! पट्टीवाला फुल हाय!"

भाऊ आले. ह्या टीव्हीकडं बघितलं, त्या टीव्हीकडं बघितलं. म्हणले, "च्या मायला. चहावाला कुठं गेला?"

"बाहेर. टीव्हीच्या बाहेर."

इतकं सोपं होतं ते. टॉकीजचा पडदा लांबट असतो, पिक्चर लांबट काढतात. टीव्ही चौकोनी. लांबट पिक्चर चौकोनात भरायचा तर एक तर त्याला ल्हान करा, मंग वर-खाली रिकामं राहतं, काळं दिसतं. न्हाई तर मोठाच ठेवा आन दोन्ही बाजू उडवा. लोकायला काळं नको असतं म्हणून सीडीवाले बाजू उडवतात. मधी असल ते राहतं. टोकाला असल ते जातं.

टोकाला असल ते जातं! मला तिथं दुकानात असं वाटलं का पळत तांड्यावर जावं.

भाऊ पुढच्या खेपेला नांदेडला गेले तवा मी त्यायच्या मागं लागून ती डीव्हीडी मागवली. एवढ्या न चाललेल्या पिक्चरची कुणी डीव्हीडी काढली असल का, ह्याचीच मला भीती. पण भाऊ पिशवी हलवत आले. "घे. तुझी आई आणली."

लावली. गाणं आलं. पिक्चर टीव्हीभर. पट्टी न्हाई.

हिरोइन. भागूबाई काकी. डावीकडं बघणाऱ्या बाया.

याडी न्हाई.

मी बसलोच खाली. मंग मी पुन्हा बघितलं. आन डाव्या कडेला, पार कडेला, एक कोपर आत येऊन गेलं. पांढऱ्या बलिया घातलेलं कोपर. बलिया म्हणजे आमच्या बायायचे दंडापर्यंतचे पांढरे चुडे. येतं, जातं, येतं, जातं. गाण्याच्या ठेक्यावर.

ते कोपर मी ओळखलं. त्या कोपराचा मी ल्हानपणी मार खाल्लाय.

म्हणजे डीव्हीडीत ती हाय. प्लेअर दाखवंना! मी रिमोट घेतला आन एकेक बटण दाबायला लागलो. प्लेअरच्या आत एक यादी निघाली, भाषा, आवाज, काय काय. त्यात टीव्हीचा प्रकार म्हणून एक ओळ. तिथं लिहिलेलं, चार-तीन पीएस. खाली दुसरं, चार-तीन एलबी. पीएस म्हणजे काय, एलबी म्हणजे काय, मला काय माहीत? मधल्या दिवसात प्लेअर भाड्यानं नेलेल्या कुणा गिऱ्हाइकानं पट्टीला कंटाळून पीएसवर नेऊन ठेवलं होतं का काय ते पण माहीत न्हाई. मी एलबी दाबलं.

पिक्चर आक्रसला. वर काळी पट्टी, खाली काळी पट्टी. आन मधी माळ लांबच लांब पसरला, बाभूळ आली, आन बाभळीच्या पुढं माझी याडी.

भाऊ म्हणले, "हीच का?"

मी मान हलवली.

भाऊ म्हणले, "आरं, ही तर हिरोइनला शिकवून राहिली!"

प्लेअर, डीव्हीडी, वायरा, समदं भाऊच्या मोटरसायकलवर बांधलं. भाऊ स्वतः आले, दुकान बंद करून, भर बाजाराच्या दिवशी. नायकाच्या घरी जोडलं. मी आवाज दिला, पिक्चर लावून राहिलो, या. लोक आले, पण पहिल्यासारखे न्हाई, बघितलेला पिक्चर कोण बघल? याडी यायला तयार नव्हती. म्हणली, "एकदा बघितलं ना?" निलमनं तिला हाताला धरून ओढत आणलं. याडी आत आली न्हाई. दारात बसली, चपलांपाशी.

मी लावलं. पट्ट्या दिसल्याबराबर गोंधळ.

नायक म्हणला, "योगेश, टीव्ही बिघडवला का माझा?"

भागूबाई काकी म्हणली, "हे काय, बुरख्यातून बघायचं का?"

मी म्हणलो, "नायक, तुमची बैलगाडी ह्या दारातून आत न्यायची हाय. दार अरुंद, गाडी रुंद. काय कराल?"

"न्हाई जाणार."

"न्यायचीच हाय असं समजा."

नायक म्हणला, "मंग चाकं काढा."

"बराबर. सीडीवाल्यायनी चाकंच काढली. ह्यायनी आख्खी गाडी ल्हान करून आत आणली. आता बघा चाक कुठाय."

गाणं आलं. मी काही सांगितलं न्हाई. मंग खिडकीतलं एक लेकरू म्हणलं, "रूपाकाकी!"

मंग जो आरडा झाला! बाया उठून टीव्हीपाशी गेल्या, बोटं लावायल्या. याडी पडद्यावर डोक्यापासून पायापर्यंत, आरसे चमकून राहिलेले, हात वर, आन आख्खी रांग तिच्याकडं बघून सरकून राहिलेली. हिरोइनची नजर तिच्यावर. हिरोइन चुकते, याडीकडं बघते, सुधारते. हे आधी कुणालाच दिसलं नव्हतं.

नायक म्हणला, "हे हिरोइनचं गाणं न्हाई. हे रूपाबाईचं गाणं हाय."

मी रिमोटवरचं मोठं करायचं बटण दाबलं. पट्ट्या गेल्या, पिक्चर टीव्हीभर झाला, याडी गायब. "अऽऽऽ!" समदे एका आवाजात ओरडले. पुन्हा दाबलं, याडी आली. पुन्हा दाबलं, गेली. "समजलं का?" मी म्हणलो. "मुंबईवाल्यायनी कापलं न्हाई. टीव्हीत मावली न्हाई ती!"

भागूबाई काकी म्हणली, "ते समदं खरं. पण माझं तोंड एवढंसं झालं की रे! मोठं कर ना पुन्हा."

"काकी, मोठं केलं का याडी जाते."

"थोडंसं जाऊ दे. जरासं."

लोक पोट धरून हसले. काकी पण हसली. मंग मी मागं बघितलं.

याडी दारात नव्हती. ती आत आली होती, बायायच्या मधून, टीव्हीच्या अगदी जवळ येऊन उकिडवी बसली होती. म्हणली, "थांबव."

मी थांबवलं.

"पुढं घे. हळू."

हळू घेतलं. ती स्वतःच्या तोंडाकडं बघतच नव्हती. ती पायाकडं बघून राहिली होती. पडद्यावर पाय उचलला, टेकला, वळला, टेकला. एकदा बघितलं. पुन्हा मागं घ्यायला लावलं, पुन्हा बघितलं. तिचे ओठ हलत होते, ठेका धरून.

मंग म्हणली, "बराबर हाय."

मी म्हणलो, "काय याडी?"

"पाय. बराबर हाय माझा." आन लगेच वळून, "भागू, तुझा हात उशिरा उठतो. बघ. शंकरसिंगच्या बायकोनं तर तिसऱ्या वळणाला पायच टेकला न्हाई. कितीदा सांगितलं तुला?"

शंकरसिंगची बायको म्हणली, "आता पिक्चरमधी कसा टेकू, जिजी?"

नायकाची बायको कवा उठून आत गेली ते मला दिसलं न्हाई. आली ती हातात गुळाचा खडा घेऊन. आमच्या घरापर्यंत पण गेली न्हाई, तिथंच टीव्हीपुढं याडीच्या ओटीत टाकला. बा दारात उभा होता. त्यानं टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. एवढंच.

निलमचं लग्न वैशाखात झालं. दुपारी मांडवाबाहेर बायायची रांग लागली, लांबच लांब, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. वसमतहून व्हिडिओ शूटिंगवाला पोरगा बोलावला होता, खांद्यावर कॅमेरा, गॉगल लावलेला. तो हात हलवून म्हणला, "मावशी, जवळ जवळ या. मधी या समद्या. बसत न्हाई कॅमेऱ्यात."

दोन-चार बाया सरकायला लागल्या.

याडी म्हणली, "कुणी हलू नका." मंग त्या पोराला म्हणली, "आमी मधी येत न्हाई. तू मागं सर."

तो दोन पावलं मागं सरला. डोळा लावून बघितलं. "न्हाई बसत, मावशी."

"अजून सर."

"मागं कडब्याची गंजी हाय."

"मंग गंजीवर चढ. तरणा हायस की."

बाया हसल्या. पोरगा माझ्याकडं बघायला लागला, मी म्हणलो, चढ बाबा, न्हाई तर संध्याकाळपर्यंत गाणं सुरू होत न्हाई. कॅमेरा माझ्याकडं देऊन तो चढला, मंग मी कॅमेरा वर दिला. गॉगलमधी कडबा गेला त्याच्या. वर उभा राहून त्यानं बघितलं आन ओरडला, "आली, मावशी! आता आली समदी!"

याडीनं टोकावरूनच विचारलं, "दोन्ही टोकं?"

"दोन्ही टोकं!"

मंग तिनं हात वर केला आन गाणं उचललं.